पुण्यात रिसेल फ्लॅट घेताना एजंटशी आधी काय ठरवून घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये ९० लाखांच्या आसपासचा रिसेल टू बीएचके तुम्ही बघताय. एजंट दोन टक्के मागतोय. तो मालकाकडूनही दोन टक्के घेणार आहे हे तुम्हाला नंतर कळलं. आणि आता तो म्हणतोय, ‘आजच एक लाख टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे.’ न्यू जर्सीतला तुमचा भाऊ विचारतो की तिकडे खरेदीदाराचा एजंट वेगळा असतो, तसा पुण्यात मिळत नाही का. मी बरीच वर्षं पुण्यात हाच व्यवसाय करते आणि अलीकडे बहुतेक काम खरेदीदाराच्या बाजूने घेते. त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं असणार, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

टोकन आज देऊ नका. दुसरी पार्टी खरोखर असली तरी देऊ नका. का ते पुढे येईलच, पण आधी एजंटचं गणित बघू.

टक्केवारीवर काम करणारा माणूस किंमत चढवतो, असं बहुतेकांना वाटतं. हिशेब करून बघा. ९० लाखांवर दोन टक्के म्हणजे १,८०,००० रुपये. तुम्ही घासाघीस करून तीन लाख कमी करून घेतलेत तर त्याचे दोन्हीकडचे मिळून जातात फक्त १२,०००. व्यवहार मोडला तर मात्र दोन्हीकडचे मिळून ३,६०,००० जातात आणि महिनाभराची पायपीटही वाया जाते. म्हणजे त्याचा जीव किमतीपेक्षा व्यवहार उरकण्यात अडकलेला असतो. घाई तिथून येते. बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, मालकाच्या बहिणीची सही मिळायची आहे, पार्किंगवरून सोसायटीत वाद आहे, अशी एखादी गोष्ट कळल्यावर ‘हे घर सोडा’ असं ज्याने तुम्हाला सांगायला हवं, त्याचंच त्यात सगळ्यात जास्त नुकसान असतं. माणूस सरळ असला तरी ही ओढ त्याला असतेच. म्हणून दोन टक्के की दीड टक्का या घासाघिशीत सगळी शक्ती घालवू नका. ‘नको’ म्हणणं त्याला परवडेल अशी बोली करता येते का, ते बघा.

किमतीच्या बाबतीत एक अपवाद आहे आणि तो ओळखता यायला हवा. काही मालक एजंटला सांगतात, ‘मला ८४ हातात द्या, वरचे तुमचे.’ अशा वेळी तुमच्या ९० मधले सहा लाख एजंटचे असतात आणि तो एक रुपया खाली यायला तयार नसतो. याची खूण म्हणजे तो मालकाची आणि तुमची गाठ पडू देत नाही. ‘मालक फार बिझी असतात, सगळं माझ्यावर सोडलंय’ असं म्हणतो. टोकनच्या आधी मालकासमोर बसायचं, आणि एजंटच्या देखत विचारायचं, ‘काका, तुमच्या हातात किती अपेक्षित आहे?’ हा प्रश्न अवघड वाटतो, पण प्रामाणिक एजंटला त्याने काहीच फरक पडत नाही.

आता भावाच्या म्हणण्याकडे येते. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेवरच्या खटल्यात तडजोड झाली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथल्या एजंटांना घर दाखवण्याआधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. फी किती, हे त्यात स्पष्ट लिहावं लागतं. आपल्याकडे रिसेलसाठी तसा नियम नाही. महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची (बिल्डर आणि एजंटांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेची) एजंट नोंदणी आहे, २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली आहे, पण रेरा कायदा मुळात रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. पंचवीस वर्षं जुन्या इमारतीतला फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा महारेरा मध्ये पडत नाही. तरीही एजंटचा महारेरा नंबर जरूर विचारा. ज्याने परीक्षा दिली आहे आणि ज्याची नोंदणी पणाला लागते, तो निदान या धंद्यात टिकायला आलेला असतो.

कायद्याचा आधार अगदीच नाही असंही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजन्सीवर एक अख्खं प्रकरण आहे. त्यातलं कलम २१९ सांगतं की वेगळी बोली झालेली नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. कलम २२० नुसार ज्या कामात त्याने गैरवर्तन केलं, त्या कामाचा मोबदला त्याला मागता येत नाही. तुमच्या नकळत त्याने व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर त्यातून झालेला फायदा तुम्ही मागू शकता, असं कलम २१६ म्हणतं. मात्र या सगळ्यासाठी तो तुमचा एजंट होता हे दाखवता यायला हवं. नुसतं त्याच्या स्कूटरच्या मागे बसून पाच फ्लॅट पाहिले, एवढ्यावर ते सिद्ध करणं कठीण आहे.

खरेदीदाराचा एजंट पुण्यात मिळतो. फक्त त्या नावाने मिळत नाही. आमच्या धंद्यात ‘साइड-बाय-साइड’ म्हणतात: मालकाकडून एक एजंट, खरेदीदाराकडून दुसरा, आणि ज्याने त्याने आपापल्या पार्टीकडून ब्रोकरेज घ्यायचं. एजंटांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतात, त्यावर फ्लॅट फिरत असतात. त्यामुळे तुम्ही निवडलेला एजंट दुसऱ्या कोणाकडचाही फ्लॅट तुम्हाला दाखवू शकतो. खरेदीदार चुकतात ते इथेच. पोर्टलवर फ्लॅट दिसला की खालच्या नंबरवर फोन करतात, आणि तो नंबर मालकाच्या एजंटचा असतो. त्याऐवजी त्या भागात काम करणारा एक एजंट आधी निवडा आणि पोर्टलवर आवडलेला फ्लॅट त्याला पाठवून सांगा, ‘हा साइड-बाय-साइड दाखवता का?’ तुमच्या बाबतीत एकच एजंट दोन्हीकडून घेतोय. यात बेकायदा काही नाही, पण मग तो दोघांचा मध्यस्थ झाला. मध्यस्थाला दोन टक्के कशाला? एक टक्का द्या, आणि सल्ल्यासाठी दुसरा माणूस धरा.

एजंटशी काय लिहून घ्यायचं, ते सांगते. लांबलचक करारनामा लागत नाही. एक पानभर मजकूर, दोघांच्या सह्या. तेही अवघड वाटलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही लिहून पाठवा आणि त्याचं ‘मान्य’ असं उत्तर जपून ठेवा. तो तुमच्या बाजूने काम करतोय आणि मालकाकडून काहीही घेणार नाही, किंवा घेणार असेल तर किती, हे पहिलं. मग रक्कम, आणि त्यावर जीएसटी लागणार का. नोंदणीकृत एजंट १८ टक्के लावतो, म्हणजे १,८०,००० चे २,१२,४०० होतात, आणि हे बहुतेकांना शेवटच्या दिवशी कळतं. मग पैसे कधी द्यायचे. माझी पद्धत अशी: करारनामा नोंदवला की निम्मे, ताबा मिळाल्यावर बाकीचे, आणि टोकनला काहीही नाही. कागदपत्रांतल्या दोषामुळे व्यवहार मोडला तर ब्रोकरेज शून्य, पण तोवर केलेल्या कामाची एक ठरावीक छोटी रक्कम एजंटला द्यायची. ही शेवटची ओळ मी आग्रहाने घालते. त्या रकमेमुळे एजंट ‘हे घर सोडा’ म्हणू शकतो आणि तरी रिकाम्या हाताने जात नाही. खरेदीदारांना ती खटकते, पण चुकीच्या घरात अडकलेल्या ९० लाखांपुढे ती काहीच नाही. टक्केवारीऐवजी ठोक रक्कम ठरवलीत तर आणखी चांगलं.

आता टोकन. पुण्यात टोकन म्हणजे एक चिठ्ठी, बऱ्याचदा एजंटच्या लेटरहेडवर, आणि तिच्यात ‘व्यवहार न झाल्यास टोकन जप्त’ एवढंच ठळक. तशा चिठ्ठीवर सही करू नका. चेक किंवा ऑनलाइन पैसे मालकाच्याच नावाने द्या, मालक दोन असतील तर दोघांची सही घ्या. एजंटच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका. पावतीत लिहा की मालकी हक्क निर्वेध नसेल, किंवा मालमत्तेच्या कागदपत्रांमुळे बँकेने कर्ज नाकारलं, तर टोकन अमुक दिवसांत पूर्ण परत. फर्निचर, पार्किंग, ताब्याची तारीख, सोसायटीची थकबाकी कोणी भरायची, हेही त्याच पावतीत येऊ द्या. आणि टोकनच्या आधी निदान इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा), मालकाचा मूळ करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) यांच्या प्रती तुमच्या वकिलाला दाखवा. याला दोन दिवस लागतात. दोन दिवस थांबायला जो मालक तयार नाही, त्याला कसली घाई आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाव बरोबर आहे का, यासाठी एजंटच्या शब्दावर किंवा पोर्टलवरच्या आकड्यांवर विसंबू नका. पोर्टलवर मागितलेला भाव असतो, झालेला नसतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाकला की त्या जागेवरच्या नोंदवलेल्या दस्तांचे इंडेक्स टू दिसतात. त्यात मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ आणि तारीख असते. त्याच इमारतीतले गेल्या दोन-तीन वर्षांतले व्यवहार काढा. साइट संथ चालते, संध्याकाळी तर फारच, पण चिकाटी ठेवा. चांगला एजंट हे तुम्हाला स्वतः काढून देतो. मी तर म्हणेन, एजंट निवडण्याची पहिली परीक्षा हीच: ‘याच बिल्डिंगमधले शेवटचे तीन व्यवहार किती स्क्वेअर फुटाने झाले?’ ‘मार्केट रेट चालू आहे’ असं उत्तर आलं तर दुसरा बघा. क्षेत्रफळ नेहमी कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, धरा. जुन्या करारनाम्यांत कुठे बिल्टअप (भिंती धरून) असतं, कुठे सेलेबल (जिना-लॉबीचा वाटाही धरून), आणि एजंट बोलताना त्यातला मोठा आकडा सांगतो. टेप घेऊन स्वतः मोजा.

वकील तुमचा हवा. एजंटने सुचवलेला नको, मालकाचा नको, आणि बँकेच्या वकिलाने सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) घेतलाय म्हणून आपला नको, असंही नको. बँकेचा रिपोर्ट बँकेच्या रकमेपुरता असतो. तुमचा वकील निदान तीस वर्षांचा सर्च घेईल आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस देईल. नोटिशीचे पंधरा दिवस एजंटला फार लांब वाटतात, ‘एवढी काय गरज, क्लिअर टायटल आहे’ असं तो म्हणतो. गरज असते. कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर इथे आता ज्या पिढीने फ्लॅट घेतले ती पिढी जातेय, आणि विकायला येणाऱ्या घरांत वारसाहक्काची घरं बरीच असतात. सोसायटीने नॉमिनी म्हणून मुलाच्या नावे शेअर सर्टिफिकेट केलेलं असतं आणि एजंट तेच दाखवतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर्स करावेत, पण बाकीच्या वारसांचा हक्क तसाच उभा राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये इंद्राणी वाही प्रकरणात सांगितलं आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, की सगळे वारस करारनाम्यावर सही करणार आहेत, हे वकिलाने बघायचं. माझ्या एका अशिलाच्या व्यवहारात नोटीस छापून आल्यावर बाराव्या दिवशी नागपूरहून मालकाच्या बहिणीचा फोन आला. तिला विक्रीची कल्पनाच नव्हती. टोकनच्या पावतीत अट होती म्हणून पैसे परत मिळाले.

इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हेही विचारा. पुण्यात १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या इमारती पुष्कळ आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, मालकाच्या नावे नोंदवलेलं डीड ऑफ अपार्टमेंट असायला हवं, आणि अनेकांनी ते वर्षानुवर्षं केलेलंच नसतं. पूर्णत्वाचा दाखला बघा. मालकावर कर्ज असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतील. बँकेकडून कागदांची यादी आणि बाकी रकमेचं पत्र घ्या, आणि तेवढा चेक थेट त्या बँकेच्या कर्जखात्यात द्या. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई. डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू आहे.

मालक परदेशात असेल तर आणखी एक गोष्ट. निवासी मालकाकडून ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना तुम्ही एक टक्का टीडीएस कापता. अनिवासी मालक असेल तर तो एक टक्का चालत नाही. दीर्घकालीन नफ्यासाठी १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र मालकाने आणलं नसेल तर सहसा पूर्ण रकमेवर. कापला नाही तर आयकर खातं मागेल ते तुमच्याकडे. बरेच एजंट यावर ‘सीए बघेल’ म्हणून पुढे जातात. मुखत्यारपत्रावर सही करणारा भाऊ किंवा काका समोर असेल तर मूळ मालकाशी एकदा व्हिडिओ कॉलवर बोला.

रोख रकमेचा विषय निघेलच. ‘सत्तर व्हाइट, वीस कॅश’ म्हणजे मुद्रांक वाचतो, असं सांगतील. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे. तुमच्या बाजूने बघितलं तर त्या वीस लाखांवर कर्ज मिळत नाही, व्यवहार फिसकटला तर त्यांचा पुरावा नाही, आणि पुढे तुम्ही घर विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत सत्तरच धरली जाईल. ज्या एजंटने हे सुचवलं, त्याच्याबरोबर मी तरी काम करणार नाही.

पूर्ण व्हाइटमध्ये तुम्हाला पदरचे किती लागतील, तेही मांडते. ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे ९० वर जास्तीत जास्त ७२ लाख. तुमचे १८ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क एकूण ७ टक्के, ६,३०,०००. नोंदणी शुल्क ३०,०००. ब्रोकरेज दोन टक्के धरलं तर जीएसटीसह २,१२,४००. वकील आणि बँकेचा खर्च वगळून ही बेरीज पावणेसत्तावीस लाखांच्या घरात जाते. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे, ९०,००० वाचतात. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. सहकर्जदार कोण चालेल, ते बँकेला आधी विचारा. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत २५,००० पेक्षा जास्त घेता येत नाही, ‘डोनेशन’ म्हणून जास्त मागितलं तर लेखी मागा. बहुतेक वेळा लेखी येत नाही.

जुन्या इमारतीत एजंट हमखास रीडेव्हलपमेंटचं बोलेल: बिल्डर ठरलाय, तीस टक्के जास्त जागा मिळणार. सर्वसाधारण सभेचा ठराव बघायला मागा. शासनाने सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ ला दिलेली कार्यपद्धती आहे, तिच्यातल्या कोणत्या टप्प्यावर सोसायटी आहे हे सचिवांना विचारा. ठराव नसेल तर त्या गोष्टीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

हे सगळं वाचून एजंटच नको असं वाटेल. मला तसं वाटत नाही. कोणत्या इमारतीत मार्चनंतर टँकर लागतो, कोणत्या सोसायटीत दोन गट आहेत, वरच्या मजल्यावरचा माणूस गळतीची दुरुस्ती करू देतो की नाही, मालकाला पैसे खरंच कधी हवेत, हे त्या भागात रोज फिरणाऱ्यालाच माहीत असतं. त्या माहितीसाठी आणि दुय्यम निबंधकाच्या ऑफिसपासून ताब्यापर्यंतच्या धावपळीसाठी पैसे देणं योग्य आहे. तुमच्या एजंटला आज संध्याकाळी फोन करा आणि वरची एका पानाची बोली त्याच्यासमोर ठेवा. तो चिडला नाही, उलट दोन अटींवर त्याने घासाघीस केली, तर मी त्याच्याबरोबर पुढे जाईन.

ब्रोकरेजचा शेवटचा हप्ता देताना किल्ल्यांबरोबर एवढं पूर्ण करून घ्या: सोसायटीत नाव बदलाचा अर्ज पोचल्याची पावती, वीज मीटर तुमच्या नावावर, आणि महापालिकेत मिळकतकराची नोंद. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते, पण नव्या मालकाला ती आपोआप लागत नाही. त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो.